ताईचा गुडघा, माझं पत्रक

माझी ताई बास्केटबॉल खेळून जगते. अमरावतीत कुणाला हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘बरं, अन् काम काय करते?’ काम तेच. अकोल्यातला एक संघ तिला वर्षाच्या करारावर घेतो, ती खेळते.

संघ वीस गुणांनी पुढे असतानाही बाहेर चाललेल्या चेंडूसाठी ती सिमेंटवर आडवी पडते. कशाला, असं मी एकदा विचारलं.

“बॉल माहा होता,” म्हणाली.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट अर्धं फाटलं. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद तिनं गादीखाली सरकवला. संघात कुणाला कळू दिलं नाही. तिथं सगळेच असं करतात, करार नवा होईपर्यंत दुखणं घरातच ठेवतात. गुडघ्याला घट्ट पट्टी, त्यावर काळी नी-कॅप. संध्याकाळी राजापेठेतल्या रसवंतीवाल्याकडून मी बर्फ आणायचो.

मी एका संघटनेसाठी पत्रकं लिहितो. कसं लिहायचं ते मला शिकवलेलं आहे. आधी एक माणूस घ्यायचा, त्याचं दुखणं दाखवायचं, मग मागणी. सिमेंटची कोर्टं खेळाडूंचे गुडघे खातात, लाकडी फ्लोअर द्या, ही माझी मागणी होती. ती आजही बरोबर आहे. माणूस म्हणून मी ताईला घेतलं. नाव टाकलं नाही. ‘अमरावतीची खेळाडू, अकोल्याच्या संघात, उजवा गुडघा अर्धा फाटलेला, तरीही मैदानात.’ छापून आल्यावर ते वाक्य मी दोनदा वाचलं. आवडलं मला.

करार व्हायच्या आठवड्यात अकोल्यात स्पर्धा होती. गेटवर उभं राहून मी पत्रकं वाटली. त्या संघात अमरावतीची ती एकटीच होती. हे मला माहीत होतं. तरी डोक्यात आलं नाही.

दुपारी संघाचे मॅनेजर पत्रक घेऊन कोर्टाच्या कडेला आले. ताईनं ते उभ्यानंच वाचलं.

“हे तुह्यावरच आहे ना?”

“हो सर.”

“मले सांगाचं होतं पोरी.”

“सांगतलं असतं तं घेतलं असतं काय तुमी?”

त्यांनी पत्रकाची घडी घातली.

“पळू काय सर? पाहा तं खरं.”

त्यांनी तिच्या जागेसाठी आलेल्या नव्या पोरीलाही शेजारी उभं केलं. एका टोकापासून निघायचं, कोर्टावरच्या प्रत्येक आडव्या रेषेला हात लावून दर वेळी परत यायचं.

“ताई, हळू पळा बरं,” पोरगी हसत म्हणाली.

“तू तुहे पाय सांभाळ.”

ताई पहिली आली. थोडक्यात, पण पहिली. बाकावरच्या दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या आणि मॅनेजरांकडे बघून थांबवल्या.

“पळाली छानच,” मॅनेजर म्हणाले. “पण हा कागद वरच्यायनं वाचला आता. करारावर कोणी सही करत नाही.” मग त्यांनी हात पुढे केला. ताईनं टी-शर्टवर चढवलेली जर्सी डोक्यावरून काढून त्यांच्या हातात दिली. नव्या पोरीनं ती घेतली तेव्हा ती ओलीच होती.

परतीच्या एसटीत तिनं पाय समोरच्या सीटखाली लांब केला. पट्टीच्या वर मांस फुगून आलं होतं. मला राग सहज येतो, त्यावरच माझं काम चालतं. त्या दिवशी आला नाही. मॅनेजरांचाही नाही, माझा मलाही नाही. खिडकीबाहेर कपाशी होती, मी ती बघत बसलो. मूर्तिजापूर गेल्यावर बोललो.

“तुले विचाराचं होतं मी.”

“नाईच म्हटलं असतं.”

“म्हणूनच नाही विचारलं.”

तिनं मान हलवली. जणू हे तिला पत्रक वाचतानाच कळलं होतं.

“चूक लिवलं काय मी?”

“नाही. सिमेंट बेकारच असते.” तिनं गुडघ्यावरची पट्टी सैल केली. “कितीनं हरली ते पोरगी?”

“हातभर.”

“उजव्यावर वजन घेता नाही आलं वळताना,” ती म्हणाली. “नाही तं दोन हात मागं टाकली असती तिले.”