तिसऱ्या नंबरचा डबा

"सही कर म्हंजे झालं. तीनच्या आत इस्लामपूरला कागद पोचला पायजे."

"न्हाई करायची, आबा."

"पंचवीस वर्षं गाव बिनविरोध हाय! वेशीच्या कमानीवर लिवलंय तसं!"

"मग खोडा. रंग मी देते."

पिठाच्या गिरणीत गावचे जुने कारभारी बाळासो आबा उभे होते आणि त्यांच्या हातात अंजनाच्या नावानं भरून आणलेला माघारीचा अर्ज होता. ग्रामपंचायतीच्या जागा नऊ आणि अर्ज दहा. दहावा अंजनाचा, तोही आबांच्या नातवाविरुद्ध, यशराजविरुद्ध. नऊ नावं नेहमीसारखी देवळात बसून ठरली होती. तिथं बायकांना बोलवायची रीत नव्हती.

अंजना बावीस वर्षांपूर्वी या गावात सून म्हणून आली. नवरा उदयसिंह फौजेत. सासऱ्यांमागं गिरणी तिनंच हाती घेतली. पट्टा चढवायला, झिजल्या दगडाला टाकी लावायला शिकली. गिरणीत तिचा कायदा एकच: डबे येतील तसे रांगेत आणि दळण नंबरानं. पहिल्याच वर्षी आबांच्या गड्यानं त्यांचा डबा सगळ्यांच्या पुढं सरकवला. नव्या सुनेनं तो उचलला आणि रोजंदारीवर जाणाऱ्या गुंडा नावाच्या मजुराच्या डब्यामागं नेऊन ठेवला. आबांनी महिनाभर दळण शेजारच्या गावाला धाडलं. मग डबा परत आला, तो रांगेतच.

"हक्क हक्क लावलाईस नुस्तं," आबा तडकले. "कर्तव्य बी असतंय की! गावात बंधुभाव ऱ्हावा, हे कर्तव्य न्हवं व्हय?"

"मी कुणासंगं भांडतीया? मत तर मागतीया."

"आणि पडतील किती?"

"एक तर नक्की. माझंच!" अंजना खळखळून हसली. मग पदरानं कपाळावरचं पीठ पुसलं. "आमदारकीला, खासदारकीला बटण दाबलंय मी. पर माझ्या दारातलं गटार कुणी बांधायचं, त्यो माणूस कवा निवडलाच न्हाई. संयोगिता आता अठराची झाली. इचारती, आई, घटनेनं मत दिलंय, मग आपल्या पंचायतीला मशीन का येत न्हाई? काय सांगू पोरीला? आबांनी न्हाई म्हटलं म्हणून?"

"थांब, उदयसिंहलाच फोन लावतो."

"लावा की. सकाळीच बोलणं झालंय. म्हणले, सही तुझी, मला काय इचारतीस?"

आबांचा आवाज एकदम खाली आला. "उद्यापासनं हितं एक डबा यायचा न्हाई. ध्यानात ठेव."

गिरणी थांबली तर अंजनाच्या घरचं निम्मं उत्पन्न बुडणार होतं. ते आबांना ठाऊक होतं आणि तिलाही. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजत आले होते. तिनं अर्ज हातात घेतला. त्यावर पिठाची पाच बोटं उमटली. क्षणभर ती बोटांकडं बघत राहिली, मग कागदाची घडी घालून तिनं तो परत दिला.

"उद्या कशाला, आबा? आजच ठरवा. तुमचा डबा तिसरा हाय. नेताय, का ठिवताय?"

आबांनी रांगेकडं पाहिलं. पितळी डब्याच्या झाकणावर त्यांचंच नाव होतं. धोतराचा सोगा सावरत ते वळले आणि उंबरा ओलांडून गेले. हातात फक्त तो कागद होता.