पहारा अखंड

कापडावरच्या ठसेछपाईसाठी प्रसिद्ध असलेल्या भैरवगढहून आणलेली छापील चादर काल उलगडली आणि तिच्या रंगातल्या घासलेटाच्या, विमानाच्या इंधनासारख्याच, वासाने मला थेट विमानाच्या धावपट्टीवर नेऊन उभे केले.

माधव नगरातले माझे निवृत्त स्नेही जोशी छातीठोकपणे सांगतात, "जुनं टेहळणी विमान गेलं, तरी देशाची नजर एक दिवस हटली नाही." साफ खोटे! त्या विमानात रडारच्या पडद्यासमोर मी बसत असे, जोशी नव्हे.

ते विमान शेवटचे उतरले, तेव्हा त्याला झेंडूचा हार घातला गेला. इंजिने अजून तापलेली होती. नवे विमान केव्हा येणार, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मी साहेबांना विचारले, "सर, उद्यापासून डोंगराआडून खालून उडत येणारं शत्रूचं विमान कोण पाहणार?" जमिनीवरच्या रडारला डोंगरापलीकडचे दिसत नाही, हे तेही जाणून होते.

"अरे यार, पेढा खा," ते हसले, "और दस्तख़त कर दे."

कागदावर लिहिले होते, 'हवाई पहारा अखंड.' पेढा डाव्या हातात धरून मी सही केली. तेव्हा तो एक उपचार वाटला. नवे विमान यावयास वर्षे लागली.

परवा युनिटच्या स्मरणिकेत छापलेला तोच कागद जोशींनी माझ्यापुढे ठेवला. "बोला भाऊसाहेब, ये किसके दस्तख़त हैं?"

आकाश उघडे होते, हे मी मरेपर्यंत सांगेन. परंतु लोकांना पुरावा हवा असतो, आणि उपलब्ध असलेला एकमेव पुरावा मला खोटे ठरवतो.