आजाऱ्याला भेटायची हौस

कोल्हापूर जिल्ह्यात आजारी पडून आमच्या थोरल्या साडूंच्या तावडीतून सुटलेला माणूस अजून जन्माला यायचाय. शाहूवाडीत कुणाचा पाय मोडो की इचलकरंजीत कुणाचं अपेंडिक्स निघो, दोन शहाळी घेऊन हे उशाशी हजर. मग सलाईनचे थेंब मोजायचे, नर्सला ते हळू करायला लावायचं आणि त्याच आजारानं गेलेल्या तिघांची हकिकत रंगवून सांगायची. नवल म्हणजे पेशंट खूश व्हायचे.

मग यांनाच रक्ताचा कॅन्सर निघाला. वर्षानुवर्षं सावकाश चालणारा. डॉक्टर म्हणाले, "पांढऱ्या पेशी भरपूर आहेत, पण जंतू आला तर लढायला कामाची एकही नाही."

"म्हंजे आमची भावकीच की," साडू म्हणाले. "जेवायला समदी, भांडणात कोण न्हाय."

डॉक्टर हसले नाहीत. आजाऱ्यांजवळ फिरकायचं नाही, आणि ताप शंभराच्या वर गेला तर लगेच दवाखाना, नाहीतर जिवावर बेतेल, असं त्यांनी बजावलं. साडूंनी मान डोलावली आणि पंधरवड्यात इचलकरंजीच्या एका मित्राला भेटून आले. त्याला न्यूमोनिया झाला होता. घरी आक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीला सांगितलं, "गडमुडशिंगीला लग्नाला गेलतो."

चौथ्या दिवशी मी गेलो, तर भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर. थर्मामीटर मात्र अठ्ठ्याण्णव दाखवत होता.

"बघा की पावणं, काय बी न्हाय."

"फ्रीजमधलं ताक पिऊन मग तोंडात घातलाय त्यांनी," आक्का आतून म्हणाल्या.

मी तोच थर्मामीटर काखेत धरायला लावला. एकशे दोन.

"इचलकरंजीला गेला होता ना?"

"त्याला दुसरं कोण हाय वो?" एवढंच म्हणाले.

रिक्षात त्यांचे दात वाजत होते. एरवी दोन चौकांत रिक्षावाल्याच्या सासरवाडीपर्यंत पोचणारा माणूस गप्प होता, आणि आक्का त्यांचा हात सोडत नव्हत्या. दवाखान्यात शिरेतून औषधं सुरू झाली, तरी दोन दिवस ताप हलला नाही. बातमी फुटताच यांचे जुने पेशंट जीप भरभरून आले. आक्का जिन्यात वाट अडवून एकेकाला परत पाठवत होत्या.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मला एकट्याला मास्क लावून आत सोडलं. मी खुर्चीत टेकलो आणि नेमका मला खोकला आला. साडूंनी डोळे उघडले.

"पावणं," ते हळूच म्हणाले, "तुमी भायर बसा."

आयुष्यात त्यांनी कुणाला असं उठवलं नव्हतं. मी बाहेर येऊन बाकावर बसलो.

"काय झालं?" आक्कांनी घाबरून विचारलं.

"खोकलो म्हणून हाकललं मला," मी म्हणालो.

त्या शेजारी बसल्या, पदर तोंडाला लावला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा रडल्या.