दुखणाईत माळावर लपवले तेव्हा

दुसरी जागतिक लढाई नुकतीच संपली होती, त्या सुमाराची गोष्ट. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर आमची वाडी. मी तिथे सून म्हणून आले ती किकवीहून, सपाटीवरून. त्यात चार बुकं शिकलेली, म्हणून सासूबाई मला ‘मास्तरीण’ म्हणून चिडवायच्या. माझी जीभही काही कमी तिखट नव्हती, पण आत्यांपुढे ती तोंडातच ठेवावी लागे. सासूला आम्ही आत्याच म्हणायचो.

एके दिवशी पाटील सांगत आले की सरकार सगळ्या देशासाठी दवाखान्यांची नवी योजना आखतंय. जवळजवळच्या गावांना मिळून एक दवाखाना, औषध फुकट, बाळंतपणाला शिकलेली बाई. कुठे गरज आहे ते बघत एक डॉक्टर फिरतायत, उद्या ते वाडीवर येणार. मला वाटलं, लोक हरखून जातील. तर सगळ्यांचे चेहरे उतरले, आणि अंधार पडायच्या आत घरोघरचे दुखणाईत घोंगड्यात गुंडाळून वरच्या माळावरच्या गोठ्यांत हलवायला सुरुवात झाली.

ही रीत प्लेगाच्या वेळची. तेव्हा सरकारी माणसं घरात शिरून आजारी माणूस उचलून नेत, आणि खाली बांबूच्या तट्ट्यांच्या छावणीत ठेवत. आत्यांचं माहेरही ह्याच वाडीतलं; त्या तेव्हा पोर होत्या. त्यांच्या आईला झोळीत घालून असंच नेलं होतं. आत्या बापाबरोबर छावणीपर्यंत गेल्या, पण त्यांना कुंपणाबाहेरच उभं केलं. आई परत आली नाही. तेव्हापासून साहेब येणार म्हटलं की वाडी आपले दुखणाईत लपवायची. याला मूर्खपणा म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही.

आमच्या घरातून माळावर गेली ती माझी धाकटी जाऊ. सातवा महिना चाललेला आणि अंगात हिवताप. थंडी भरली की तिचे दात वाजायचे, ताप चढला की ती माहेरच्या माणसांना हाका मारायची. आत्यांनी तिच्यावर आपलंही पांघरूण घातलं होतं.

डॉक्टर आले ते घामाघूम होऊन. मोटार वेल्ह्यातच ठेवून चढ चढून आलेले. अंगणं सारवलेली, दारात सडा, म्हातारेकोतारेसुद्धा पटके बांधून ताठ बसलेले. ते घरोघर फिरले. कुणी आजारी? न्हाई. ताप? न्हाई जी. बाळंतपणं? देवाच्या दयेनं सगळं बेस. आमच्या वाडीत त्या दिवशी कुणाला साधी शिंकसुद्धा आली नाही.

डॉक्टर खूश झाले. पाटलांना म्हणाले, “इथलं हवापाणी फारच चांगलं दिसतंय. मग दवाखाना खालच्या अंगाला सुचवतो. तिकडे लोकांचे फार हाल आहेत.”

पाटलांनी मान डोलावली आणि ती मधेच थांबली. आपण काय करून बसलो हे सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. मी आत्यांकडे पाहिलं. त्या माळाकडे बघत होत्या.

“साहेब,” त्या डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, “हितं दवाखाना झाला, तर माणूस हितंच ऱ्हाईल? न्यायाचं न्हाई कुठं?”

“त्यासाठीच तर ही सगळी योजना आहे, आजी.”

“मग जरा वर चला.”

आम्ही सगळे वर गेलो. गोठ्या-गोठ्यांत माणसं पडलेली पाहून डॉक्टर रागावतील असं मला वाटलं होतं. ते दारातच डोक्याला हात लावून उभे राहिले, आणि मग खाली बसून एकेकाला तपासू लागले. जावेपाशी मात्र ते बराच वेळ थांबले. पोट चाचपलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. मग सावकाश म्हणाले, “हिला आजच भोरला न्यायला हवं. माझी मोटार खाली आहे.”

आत्या जावेच्या आडव्या येऊन बसल्या. “आत्ता तर म्हणला न्यायाचं न्हाई!”

“दवाखाना होईल तेव्हा नाही न्यावं लागणार. पण योजना अजून कागदावर आहे, आजी. ही तोवर थांबू शकत नाही.”

“परत आनाल?”

मला वाटलं, आता हे तोंडदेखलं हो म्हणतील. ते म्हणाले, “तसं वचन मी देणार नाही. पण तुम्ही हिच्यासोबत चला. हिच्या उशाशी बसा. तुम्हाला कुणी बाहेर उभं करणार नाही, एवढं बघणं माझ्याकडे लागलं.”

कुंपणाची गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. आत्या उठल्या, लुगड्याचा काचा घट्ट केला आणि म्हणाल्या, “मास्तरीन, घर बघ.” चार गड्यांनी बांबूला घोंगडीची झोळी बांधली. आत्या झोळीच्या काठाला हात लावून चालत होत्या, वाट अरुंद झाली तरी त्यांनी तो सोडला नाही.

मागे राहून वाट बघणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. संध्याकाळी शिवेवरच्या दगडापाशी जाऊन मी उगीच उभी राहायचे. आत्याही लहानपणी अशाच उभ्या राहिल्या असतील, हे मनात आलं की मला रडू फुटायचं.

दवाखाना पुढे झाला, पण कितीतरी वर्षांनी आणि दुसऱ्याच गावात. त्या डॉक्टरांना मी त्याचा दोष देत नाही.

पण त्या वेळी, महिनाभरातच एका संध्याकाळी त्या दोघी चढाला दिसल्या. जाऊ वाळून काटकी झाली होती, दर थोड्या वेळाने टेकत होती, पण स्वतःच्या पायांनी येत होती, आणि पोट तसंच होतं. मी धावत गेले. आत्यांनी तिचा दंड धरला होता. शिवेच्या दगडापाशी त्या थांबल्या आणि लहान पोरीसारख्या हमसून हमसून रडू लागल्या.

“माजी आय ह्याच वाटंनं खाली गेली गं,” त्या म्हणाल्या, “आज पयल्यांदा वर कुनी आलं.”