दाढ आणि झडप

दुबईच्या अल बर्शातल्या त्या सहामजली इमारतीत सगुणा तळेकरबद्दल एक मत पक्के होते. "वहिनी शिष्ट आहेत हो," चौथ्या मजल्यावरच्या बायका म्हणत. "हळदीकुंकवाला येतात, वाण घेतात, पण हसायची वेळ आली की तोंडावर पदर. दात कुणी मोजून घेईल म्हणून भीती वाटते की काय!"

तो शिष्टपणा नव्हता. पदराआड मिश्रीने काळे पडलेले दात होते. देवगडजवळच्या गावी दहाव्या वर्षी लागलेली भाजक्या तंबाखूची ती पूड लग्नानंतर सुटली, अशी नागेशची, तिच्या नवऱ्याची, समजूत होती. दुबईत ती बेसनाच्या डब्यात तळाशी पुरचुंडीत असे. गावाहून येणारे कुणी ना कुणी लोणच्याबरोबर आणून देई. मागची दाढ वर्षभर ठणकत होती. सगुणा रोज सकाळी तिथे मिश्री दाबून धरी. हिरडी बधिर होई आणि दिवस निघून जाई. जिना चढताना दम लागू लागला तेव्हाही तिने कुणाला सांगितले नाही. दर चार पायऱ्यांनी पिशवीचा हात बदलण्याचे निमित्त करून ती थांबे.

२००९च्या जानेवारीत एकाच आठवड्यात दोन कागद घरात आले. नागेश ज्या बांधकाम कंपनीचे स्टोअर सांभाळत होता तिचे अर्धवट मनोरे थांबले होते. त्याचा शेवटचा दिवस एकतीस मार्च. दुसरा कागद अबुधाबीच्या रुग्णालयाचा; दम लपेनासा झाला तेव्हा नागेशने तिला तिथे नेले होते. लहानपणी सांधे सुजवून गेलेल्या तापाने सगुणाच्या हृदयाची एक झडप आवळून टाकली होती. ती बदलायला हवी होती. विमा नोकरीबरोबर संपणार होता. म्हणजे जे व्हायचे ते मार्चअखेरीच्या आत. तारीख मिळाली, तीन मार्च.

"यल्ला, चला, सुटलो," नागेश म्हणाला.

पण शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. कुलसुम यांनी आधी दातांच्या डॉक्टरकडे धाडले.

"ऑपरेशन तो दिल का है ना, डॉक्टर?" नागेशने विचारले.

"मुँह के जंतु खून में जाते हैं और नए वाल्व पर बैठ जाते हैं. फिर वाल्व भी गया, मरीज़ भी."

दातांच्या डॉक्टरने सगुणाच्या तोंडात पाहिले आणि भुवया वर केल्या. "ये क्या लगाती हैं?"

"टूथपेस्ट," नागेश ठामपणे म्हणाला.

"मिश्री," सगुणा म्हणाली.

नागेशने तिच्याकडे पाहिले, मग भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे. दाढेखाली पू साचला होता. दोन दाढा काढायच्या, औषधे घ्यायची, हिरडी भरून यायची; तोवर छातीला हात लावता येणार नव्हता. तीन मार्च गेला. पुढच्या तारखेबद्दल काउंटरवरचा माणूस एवढेच म्हणाला, "इन्शाल्ला, मार्चमध्येच."

परतताना नागेश म्हणाला, "एकोणीस वर्षं त्या डब्यातल्या बेसनाचे लाडू खातोय मी."

घरी येऊन तिने पुरचुंडी बेसिनमध्ये रिकामी केली आणि नळ सोडला. आता बधिर करायला काही उरले नव्हते. तरी तिला काही वाटेना. दाढा निघाल्या, गाल सुजला, उतरला. कॅलेंडरवरचे चौकोन ती खोडत राहिली, जणू दुसऱ्याच कुणाचे दिवस असावेत.

तारीख आली, एकोणीस मार्च. उरला होता एक निर्णय. डॉ. कुलसुमनी तो दोघांपुढे नीट मांडला. धातूची झडप टिकते; पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, आणि रक्ताची तपासणीही जन्मभर. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. जनावराच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला ती गोळी बहुधा काही महिनेच लागते. पण ती झिजते. सगुणा एक्केचाळीस वर्षांची. दहा-पंधरा वर्षांनी छाती पुन्हा उघडावी लागण्याचा संभव होता. या वयात डॉक्टरांचा कल धातूकडे होता. निर्णय मात्र तिचा.

"जाँच कितनी बार?" सगुणाने विचारले.

"शुरू में हर हफ़्ते, फिर पंद्रह दिन, फिर महीना. मगर छूटनी नहीं चाहिए."

"गावी गेल्यावर जवळ तपासणी कुठं होते?" तिने नागेशला विचारले.

"कणकवली."

"मग जनावराची," सगुणा म्हणाली.

एप्रिलच्या अखेरीस गावी परतायचे सामान बांधले गेले. रुग्णालयाच्या कागदावरची ओळ नागेशने तिला तीनदा वाचून दाखवली होती: यापुढे दाताचे कोणतेही काम करण्याआधी झडपेविषयी सांगायचे आणि अँटिबायोटिक घ्यायचे. चौथ्या मजल्यावरची अस्मिता डबा घेऊन आली.

"वहिनी, जनावराची म्हणजे... डुकराची?"

"विचारलं नाही. आतलं कुणाला दिसतंय?"

अस्मिता हसली. सगुणाही हसली. पदर वर गेला नाही. हात उचलला की छातीचे हाड दुखत असे. काळे दात आणि मागची पोकळी अस्मिताने पहिल्यांदाच पाहिली. ती क्षणभर गोंधळली आणि घाईने म्हणाली, "पण सगळे म्हणतात, धातूचीच बसवायला हवी होती. एकदाच काय ते काम. पंधरा वर्षांनी पुन्हा कापाकापी म्हणजे..."

"पंधरा वर्षांनी डॉक्टर कापतील की देव उचलेल, ते मला ठाऊक नाही," सगुणा म्हणाली. "कणकवलीची एसटी पावसात येत नाही, हे ठाऊक आहे."