चावडीच्या फळ्यावरची बातमी

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा आमची पलटण उत्तरेच्या बर्फाळ सरहद्दीवर गेली. मी सिग्नल प्लाटूनमध्ये हवालदार होतो. माझ्या हाताखाली लान्स नायक आनंदा होता, गारगोटीच्या पलीकडच्या एका गावचा, माझ्याच तालुक्यातला. पाठीवर वायरलेस सेट घेऊन चढायचं काम त्याचं, खाली बंकरमध्ये बसून त्याचं ऐकायचं काम माझं.

आनंदाला रेडिओचं वेड बापाकडून आलेलं. सरकारनं पहिल्यांदा खेडोपाडी रेडिओ दिले, तेव्हा त्यांच्या चावडीतही एक पेटी आली. तिची बॅटरी बैलगाडीतून गारगोटीला नेऊन चार्ज करून आणावी लागे. पेटीची किल्ली आनंदाच्या वडिलांकडे, ज्ञानूआप्पांकडे. तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटलं होतं. बातम्या ऐकायच्या आणि मोठी बातमी खडूनं चावडीच्या फळ्यावर लिहायची. नियम एकच, रेडिओवर आलं तरच फळ्यावर. मामलेदारानं येऊन सांगितलं तरी नाही. पुढं घरोघरी टीव्ही आले, पेटी भंगारात गेली, पण आप्पांनी फळा सोडला नाही. स्वतःच्या ट्रान्झिस्टरवर ऐकून लिहीत राहिले. आनंदा हे सांगताना हसायचा, पण बापाचा त्याला अभिमान होता.

त्या दिवशी एका शिखरावरचं ठाणं घ्यायचं होतं. पहाटे चढलेली प्लाटून उजाडल्यावर शिखराखाली अडकली. वरून मशीनगन चालू होती. दुपारी बंकरमधल्या ट्रान्झिस्टरवर बातमी लागली: ठाणं आपल्या जवानांनी घेतलं, आपली काहीही हानी नाही. आमच्या मेजरसाहेबांनी हातातला चहाचा मग भिंतीवर फेकला. मी सेट उचलला.

"आनंदा, रेडिओ म्हणतोय ठाणं घेतलं. ओव्हर."

"मग ह्यो वरनं कोण मारायलाय, त्येला इचारा की. ओव्हर."

थोड्या वेळानं तोच बोलला. "वस्ताद, आमच्या म्हाताऱ्यानं फळ्यावर लिवलं असंल बघा. ओव्हर."

दिवस मावळायच्या आत आनंदा पडला. जखमी जोडीदाराला खडकाआड ओढताना त्याला गोळी लागली. ठाणं आम्ही दुसऱ्या दिवशी घेतलं.

ती बातमी कुणी दिली, मला अजून कळलेलं नाही. कुणालातरी शाबासकीची घाई झाली होती, एवढं नक्की. पोरं दगडाला छाती चिकटवून पडलेली आणि हे उबेत बसून विजय वाटत होते. आज लिहितानाही माझं डोकं फिरतं.

गावात आप्पांनी नियमाप्रमाणे लिहिलं होतं: 'ठाणं घेतलं. आपली हानी नाही.' हलगी वाजली, साखर वाटली. मग तिरंग्यातली पेटी आली. सोबतच्या सुभेदारसाहेबांनी आनंदा कसा लढला ते चारचौघांत सांगितलं. तरी चितेची राख थंड होते न होते तोच पारावर सुरू झालं. "रेडिओवर तर कोण मेलं न्हाय म्हणाले. मग ह्यो कसा मेला? गाडीबिडी दरीत गेली असंल." मी रजेवर गेलो तेव्हा हे माझ्या कानांवर आलं. दोघांची कॉलर धरली. उपयोग शून्य.

पोराची पेटी आली त्या दिवसापासून आप्पांनी खडू हातात घेतला नव्हता. फळ्यावर तेच खोटं वाक्य होतं, आणि ते कुणाला पुसूही देत नव्हते.

"आप्पा, पुसा ते. मी त्याला सेटवर शेवटपर्यंत ऐकलंय."

"तुझा सेट निराळा, हवालदार. त्यो गावाला ऐकू येत न्हाय. माझ्या हातानं लिवलंय म्या. रेडिओवर येऊ दे, मग पुसतो."

मी वर बोललो, खाली बोललो. रेडिओच्या हापिसातही जाऊन आलो. "जुनी बातमी झाली, सोडा आता," हेच उत्तर. बाप रोज ज्याच्यासमोर बसतो, ती बातमी जुनी कशी होते?

मी पेन्शनीत आलो, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सिक्युरिटीला लागलो. काही वर्षांनी कोल्हापुरात खाजगी एफएम सुरू झालं. त्यांच्या एका लाइव्ह कार्यक्रमात रेडिओच्या सुरुवातीच्या काळावर बोलायला जुने वायरलेसवाले हवे होते. मी हो म्हटलं. आप्पांच्या जुन्या सेटवर एफएम लागत नव्हतं, म्हणून आदल्या रविवारी त्यांना खिशातला रेडिओ नेऊन दिला. खरखर का होईना, चावडीत तो लागत होता.

स्टुडिओत निवेदिका पोरगी हसतमुख होती. मुंबईतल्या हौशी लोकांनी क्लब काढून प्रसारण सुरू केलं, मग एक कंपनी आली, ती बुडाली, मग सरकारनं ताबा घेतला, असं तिनं वाचून दाखवलं. मग म्हणाली, "काका, एखादी गोड आठवण?"

मी म्हणालो, "गोड नाही. रेडिओनं एकदा खोटं सांगितलं. ठाणं घेतलं, हानी नाही म्हणून. ते खोटं होतं. लान्स नायक आनंदा ज्ञानू, तालुका भुदरगड, त्या ठाण्याखाली जोडीदाराला वाचवताना गोळी लागून शहीद झाला. हे मी रेडिओवर सांगतोय. गावानं ऐकावं."

काचेपलीकडचा माणूस हातवारे करू लागला. लगेच गाणं लागलं. मी हेडफोन टेबलावर ठेवून बाहेर पडलो आणि गारगोटीची एसटी धरली.

चावडीत गेलो तेव्हा माणसं फळ्यासमोर जमली होती. फळा ओल्या फडक्यानं पुसलेला होता. त्यावर आप्पांचं ठसठशीत अक्षर: 'लान्स नायक आनंदा ज्ञानू. ठाणं घेताना लढून पडला.'

मला बघून ते एवढंच म्हणाले, "आलं की रं रेडिओवर." मग बोटांवरचा खडू न झटकता भिंतीला टेकून खाली बसले, आणि इतक्या वर्षांनी पोरासाठी मोठ्यानं रडले.