आत्याचा खोका आणि माझं मखर

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी एम. ए.ला नाव घातलं, तेव्हा घरात कुणीही रडलं नाही. रडलो मी, आणि तेही दोन वर्षांनी, प्रबंधाच्या वेळी.

विषय मीच मागून घेतला होता (हौस!): आपल्याकडचे कॉम्प्युटरचे आद्य प्रवर्तक. मार्गदर्शक मॅडम माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "काका, अस्सल पुरावा आणायचा. इंटरनेटवरून उचललेलं दिसलं तर पदवी विसरा!"

महिनोन् महिने धूळ खाल्ल्यावर ठाण्याच्या एका ग्रंथालयात जुनी स्मरणिका सापडली. तीत एक फोटो. कपाटांएवढं यंत्र, टाय लावलेले सहा पुरुष आणि कडेला हातात खोका धरलेली, दोन वेण्यांची मुलगी. खाली छापलेलं, 'यंत्राचा पहिला प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कु. सुमन', आणि पुढे चक्क आमचं आडनाव!

सुमनआत्या! डोंबिवलीत आमच्या खालच्याच मजल्यावर राहणारी माझी सख्खी आत्या! जिच्या फ्रिजवर मी मोठ्या अक्षरांत कागद चिकटवून आलो होतो: 'फोन वाजल्यास हिरवं बटण दाबणे. घाबरू नये.'

धावतच तिच्याकडे गेलो.

"आत्या, ही तू?"

"हो. तो मधला टायवाला सारखा पेंगायचा."

"अगं, मग कधी बोलली नाहीस ती!"

"तू कधी विचारलंस? तू मला हिरवं बटण शिकवत होतास." (ती कागद वाचून रोज हसायची, हे तेव्हा कळलं.)

"बरं, तो प्रोग्रॅम? भोकं पाडलेल्या कार्डांवर असायचा ना? कुठंय?"

आत्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "नंदू, तो खोका तूच नेलास की. गेल्या गणपतीत. थर्माकोल बंद झालंय, मखराला पुठ्ठा दे म्हणून आलेलास."

ती हजारभर कार्डं! मी ती रंगांप्रमाणे लावली होती, मागून बल्ब सोडला होता. प्रत्येक भोकातून नुसतं चांदणं! सोसायटीत पहिलं बक्षीस मिळालं होतं.

"खोक्यावर काही लिहिलं नव्हतंस?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"लिहिलं होतं. 'क्रम बदलू नये.'"

त्या ओळीवर मी सोनेरी कागद चिकटवला होता.

"आणि मखर कुठंय आता?" तिने विचारलं. विसर्जनानंतर 'पर्यावरण, पर्यावरण' करत मी ते फाडून, भिजवून, गच्चीवरच्या खताच्या पिंपात घातलं होतं. यंदा जास्वंद काय फुललीय म्हणता!

"सहा महिने लागलेले मला तो प्रोग्रॅम लिहायला," आत्या एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "काका, मखराचे फोटो असतील ना? भोकं दिसली तरी वाचता येईल!"

मी उड्या मारत मोबाईल उघडला. त्रेचाळीस फोटो! आणि त्रेचाळीसही फोटोंत मखरासमोर सिल्कचा झब्बा घालून, दोन्ही हात पसरून, दात काढून उभा असलेला मी! मखर नाही, आरास नाही, गणपतीचासुद्धा फक्त एक कान.

"बक्षीस घेताना माईकही सोडत नव्हतात तुम्ही," बायको म्हणाली. माणसाने रडावं तर कोणाजवळ?

आत्याने भिंग घेतलं. एका फोटोत माझ्या कोपराखालून एक कार्ड पूर्ण दिसत होतं. ती भोकं वाचू लागली.

"आलं वाचता!"

"काय लिहिलंय?"

"शेवटचं कार्ड आहे. प्रोग्रॅम समाप्त."

तेवढाच पुरावा घेऊन मी आत्यासकट मॅडमसमोर उभा राहिलो. मॅडमनी आत्याला वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा मागवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काका, तुम्ही पुढच्या वर्षी या."

"लवकर या," आत्या बशीत चहा ओतत म्हणाली.